प्रजासत्ताकावरील सिंहासन : दुब्रोव्हनिकमधील चित्रीकरणस्थळ-पदभ्रमंतीची चिकित्सा

१. प्रास्ताविक

एखाद्या जुन्या नगरात पायी हिंडत, सोबतच्या मार्गदर्शकाकडून त्या नगराची माहिती ऐकणे हा पर्यटनाचा जुना प्रकार आहे. गेल्या काही दशकांत या प्रकाराला एक नवी शाखा फुटली आहे. नगराच्या इतिहासाऐवजी तेथे चित्रित झालेल्या चित्रपटाचा किंवा मालिकेचा माग काढीत ही पदभ्रमंती चालते. मार्गदर्शकाच्या हाती मालिकेतील प्रसंगांची छायाचित्रे असतात. ठराविक ठिकाणी तो थांबतो, छायाचित्र उंचावून धरतो आणि हा प्रसंग येथे घडला असे सांगतो. पर्यटक छायाचित्राकडे व समोरच्या भिंतीकडे आळीपाळीने पाहतात. दोन्हींतील साम्य पटले की मंडळी पुढे सरकतात.

या व्यवहाराकडे अर्थशास्त्राने आणि पर्यटनशास्त्राने पुष्कळ लक्ष दिले आहे. स्यू बीटन यांनी २००५ मध्ये चित्रपटप्रेरित पर्यटनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व त्यानंतर या विषयावरील लेखनास जोर आला. तथापि, अशी पदभ्रमंती ही मुळात एक कथनप्रकार आहे, तिला निवेदक, श्रोता, क्रम, विराम आणि मौन आहे, या अंगाने तिचा विचार कमी झाला आहे. मिशेल द सर्तो यांनी नगरातील चालण्याला उच्चारणाची उपमा दिली होती. ती मान्य केली तर दोन तासांची मार्गदर्शित पदभ्रमंती ही एक संहिता ठरते व संहितेस लावावयाचे प्रश्न तिला लावता येतात. ही संहिता काय सांगते, काय गाळते आणि जे गाळते त्याची किंमत कोण मोजते, हे ते प्रश्न होत. प्रस्तुत लेखात क्रोएशियातील दुब्रोव्हनिक हे नगर व तेथील 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या पदभ्रमंती यांच्या आधारे या प्रश्नांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. नगर आणि मालिका

अॅड्रियाटिक समुद्राच्या काठी वसलेले दुब्रोव्हनिक हे पूर्वी रगुझा या नावाने ओळखले जाई. नगराची वसाहत सातव्या शतकापर्यंत मागे जाते. सुमारे दोन किलोमीटर लांबीची आणि काही ठिकाणी पंचवीस मीटर उंचीची तटबंदी आजही अखंड आहे. १३५८ मध्ये व्हेनिसची सत्ता झुगारल्यानंतर येथे जे प्रजासत्ताक उदयास आले ते १८०८ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने विसर्जित करीपर्यंत टिकले. व्यापार आणि मुत्सद्देगिरी ही त्याची दोन साधने होती. ऑटोमन सुलतानास खंडणी देऊन, पोपशी संबंध राखून, दोन्ही बाजूंच्या बंदरांत आपली जहाजे फिरवून या चिमुकल्या राज्याने साडेचारशे वर्षे काढली. १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशांतून येणाऱ्यांना नगराबाहेर अलग ठेवण्याचा नियम येथे झाला. १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारास बंदी घालण्यात आली. १६६७ च्या भूकंपात नगराचा मोठा भाग कोसळला. आज दिसणाऱ्या मुख्य रस्त्यावरील, स्ट्राडुनवरील, एकसारखी घरे त्यानंतरच्या पुनर्बांधणीतील होत. १९७९ मध्ये युनेस्कोने या नगरास जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

'गेम ऑफ थ्रोन्स' ही एच.बी.ओ. वाहिनीची मालिका जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवर आधारलेली असून ती २०११ ते २०१९ या काळात आठ पर्वांत प्रक्षेपित झाली. तिच्यातील काल्पनिक राजधानी 'किंग्ज लँडिंग' हिचे पहिल्या पर्वातील चित्रण माल्टा येथे झाले. दुसऱ्या पर्वापासून मात्र ही राजधानी दुब्रोव्हनिकमध्ये आली. समुद्रातील कड्यावर उभा असलेला लोव्रियेनाक किल्ला राजवाड्याचा भाग झाला. पिले वेशीजवळची लहानशी खाडी मालिकेतील उपसागर झाली. नगराच्या उत्तरेकडील मिंचेता बुरूज, रेक्टरचा प्रासाद आणि समोरचे लोक्रुम बेट यांचा उपयोग राजधानीसाठी न होता कार्थ नावाच्या दूरदेशीच्या दुसऱ्याच नगरासाठी झाला. म्हणजे तटाच्या आत अर्ध्या तासात चालून होईल एवढ्या परिसरात मालिकेने परस्परांपासून समुद्रपार असलेली दोन नगरे वसविली. पदभ्रमंतीत पर्यटक एका नगरातून दुसऱ्यात काही मिनिटांत पोहोचतो. या विसंगतीचे त्याला नवल वाटत नाही, कारण तो नगरात चालत नसून आठवणीतील प्रसंगांच्या क्रमात चालत असतो.

३. स्थानपोथी : एक स्वदेशी निकष

या व्यवहाराचे वर्णन करताना पाश्चात्त्य समीक्षेत डीन मॅकॅनेल यांची मांडणी नेहमी पुढे येते. स्थळाला आधी नाव मिळते, मग चौकट, मग पूज्यत्व आणि शेवटी त्याच्या प्रतिकृती निघतात, असा पर्यटनस्थळाच्या घडणीचा क्रम त्यांनी १९७६ मध्ये मांडला. ही मांडणी उपयुक्त आहे. परंतु मराठी अभ्यासकाला याहून जवळचा एक निकष उपलब्ध आहे व त्याची आठवण या संदर्भात फारशी केली गेलेली नाही. तो म्हणजे महानुभाव पंथातील 'स्थानपोथी'.

चक्रधरस्वामी जेथे राहिले, बसले, निजले, ज्या ठिकाणी एखादी लीळा घडली, त्या ठिकाणांची नोंद स्थानपोथीत आहे. ही नोंद भावविवश नाही. गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, स्थान डावीकडे की उजवीकडे, असा तिचा रोखठोक स्वर आहे. वाचणाऱ्याने पोथी घेऊन निघावे आणि स्थानावर जाऊन नमस्कार करावा, ही तिची अपेक्षा आहे. 'लीळाचरित्र' प्रसंग सांगते आणि स्थानपोथी त्या प्रसंगाची जागा सांगते. दोन्ही मिळून एक पूर्ण वाचन घडते व त्या वाचनाचे साधन पाय हे आहेत.

चित्रीकरणस्थळाची पदभ्रमंती रचनेच्या दृष्टीने स्थानपोथीच आहे. मालिका हे तिचे लीळाचरित्र, मार्गदर्शक हा पोथी मुखोद्गत असलेला वाटाड्या आणि छायाचित्र जुळवून पाहणे हे स्थाननिश्चितीचे कर्म. भक्ताप्रमाणेच येथील श्रोताही प्रसंग आधीच जाणतो. कथा ऐकण्यासाठी तो आलेला नसतो. माहीत असलेल्या कथेला पायाखालची जमीन मिळावी, एवढीच त्याची इच्छा असते. ही इच्छा क्षुद्र नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक वाटते. कल्पित कथेवर प्रेम करणाऱ्या वाचकाला तिच्या जागा पाहाव्याशा वाटणे हा वाङ्मयीन अनुभवाचाच विस्तार आहे व त्याची टवाळी करून समीक्षेचे काही साधत नाही.

मात्र साम्य येथे संपते. स्थानपोथीतील प्रसंग त्या स्थानी घडला अशी परंपरेची श्रद्धा असते व तो प्रसंग आणि ते गाव एकाच इतिहासाचे घटक असतात. पैठण किंवा बेलापूर यांचे वर्णन करताना पोथीला गावाचे नाव पुसावे लागत नाही. पदभ्रमंतीतील प्रसंग मात्र त्या स्थानी घडलेला नसतो. त्याचा अभिनय तेवढा तेथे झालेला असतो आणि तो अभिनय साधावा म्हणून स्थानाने आपले नाव काही दिवस बाजूला ठेवलेले असते. स्थानपोथी गावाला नाव जोडते, तर ही नवी पोथी गावाचे नाव काढून घेऊन त्यावर दुसरे चढविते. यातून पुढील प्रश्न उद्भवतात.

४. प्रजासत्ताकावरील सिंहासन

मालिकेच्या केंद्रस्थानी लोखंडी सिंहासन आहे. त्यासाठी होणारा वंशसंघर्ष हे तिचे कथासूत्र होय. लोक्रुम बेटावरील जुन्या बेनेडिक्टाइन मठात या सिंहासनाची प्रतिकृती ठेवलेली आहे. पर्यटक तिच्यावर बसून छायाचित्र काढून घेतात. पदभ्रमंती आणि तिचे उपांग असलेली दुकाने यांचे हे सर्वांत लोकप्रिय दृश्य आहे.

आता ज्या नगरात हे सिंहासन मांडले गेले त्याची राज्यव्यवस्था पाहावी. दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख 'रेक्टर' याची मुदत एक महिन्याची असे. त्या महिन्यात त्याने प्रासादात राहावयाचे व शासकीय कारणावाचून बाहेर पडावयाचे नाही, असा दंडक होता. खासगी व्यवहार विसरून सार्वजनिक कार्याची काळजी वाहावी, या अर्थाचा लॅटिन लेख त्या प्रासादात कोरलेला आहे. लोव्रियेनाक किल्ल्याच्या दारावरील लेखाचा आशय असा की, जगातील सर्व सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकणे योग्य नव्हे. त्या किल्ल्याची बाहेरच्या बाजूची भिंत बारा मीटरपर्यंत जाड आहे. नगराकडची भिंत मात्र अवघी साठ सेंटिमीटर आहे. किल्ल्याचा अंमलदार उद्या फितूर झाला तर नगराला आपल्या तोफांनी ती भिंत पाडता यावी, असा तिचा अर्थ परंपरेने लावला जातो. एका माणसाच्या हाती सत्ता साचू नये, ही चिंता या नगराने दगडात बांधली होती.

या प्रजासत्ताकाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. सत्ता मूठभर उमराव घराण्यांपुरती मर्यादित होती, सामान्य नागरिकास तीत वाटा नव्हता. तरीही राजा नसणे हा या नगराचा राजकीय अभिमान होता. अशा नगराला 'किंग्ज लँडिंग' म्हणजे राजाचे उतरण्याचे ठिकाण ही भूमिका मिळावी, स्वातंत्र्याचा लेख मिरविणाऱ्या किल्ल्यात बालराजाच्या वाढदिवसाची रक्तरंजित झुंज रंगावी आणि रेक्टरच्या प्रासादात धनाढ्य व्यापारी राजाचा दरबार भरावा, यातील विरोध केवळ मौजेचा नाही. मालिकेच्या दृष्टीने तो दोष मानता येणार नाही, कारण चित्रपटकर्त्याला दगडाचा पोत हवा असतो, त्यावरील लेख नव्हे. परंतु पदभ्रमंती प्रत्यक्ष त्या लेखाखालून जाते. ज्या दारावर वरील वाक्य कोरले आहे त्याच दारातून श्रोत्यांना आत नेऊन राजवाड्याचे वर्णन करावयाचे असते. येथे निवेदकाला निवड करणे भाग आहे. लेखाकडे बोट दाखविले तर कथेला छेद जातो, न दाखविले तर नगर मुके होते.

मुख्य चौकातील ऑर्लांडोचा स्तंभ हे याचे आणखी एक उदाहरण. १४१८ च्या सुमाराचा हा शिल्पस्तंभ प्रजासत्ताकाचे प्रतीक होता. या योद्ध्याच्या हाताची कोपरापासूनची लांबी ही नगरात कापड मोजण्याचे अधिकृत माप होती. व्यापाऱ्याने फसविले असे वाटल्यास गिऱ्हाइकाने सरळ चौकात येऊन कापड त्या हाताशी लावून पाहावे. तलवारधारी वीराच्या हाताला गजाचे काम देणाऱ्या या समाजाची वृत्ती मालिकेतील वीरवृत्तीहून किती निराळी होती, हे सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. मालिकेपुरत्या आखलेल्या कार्यक्रमात ही दोन मिनिटे मिळतीलच याची शाश्वती नसते.

५. पायऱ्या आणि छपरे

पदभ्रमंतीतील सर्वाधिक प्रतीक्षित थांबा म्हणजे जेझुइट पायऱ्या. अठराव्या शतकात बांधलेला हा बरोक शैलीतील जिना संत इग्नेशियसच्या चर्चकडे जातो. पाचव्या पर्वाच्या अखेरच्या भागात (२०१५) राणी सर्सीला नग्न करून नगरातून चालविण्याचा जो दंडप्रसंग आहे त्याचा आरंभ येथे होतो. हा प्रसंग मालिकेतील अत्यंत अस्वस्थ करणारा प्रसंग आहे. एका स्त्रीच्या देहाला सार्वजनिक शिक्षेचे साधन बनविणारा जमाव तेथे दाखविला असून प्रेक्षकाला त्या जमावात उभे करणे हा दिग्दर्शनाचा हेतू दिसतो. पदभ्रमंतीत काय होते? पर्यटक पायऱ्या उतरत येतात, सोबतीचे लोक मालिकेतील 'लाज' या अर्थाचा घोष करतात, हशा पिकतो आणि छायाचित्रे निघतात. मूळ प्रसंगाने जमावावर केलेली टीका पर्यटक जमावाची भूमिका हौसेने वठवून निष्प्रभ करतात. पदभ्रमंती नगरावर अन्याय करते असे म्हटले जाते. ती मालिकेवरही अन्याय करते, हे या थांब्यावर दिसून येते.

तथापि, या संहितेतील सर्वांत मोठे मौन निराळ्या ठिकाणी आहे. १ ऑक्टोबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह लष्कराने दुब्रोव्हनिकवर हल्ला सुरू केला. नगराचे पाणी व वीज तोडण्यात आली. वेढा पुढील वर्षाच्या मे महिन्यापर्यंत चालला. ६ डिसेंबर १९९१ हा दिवस सर्वांत भीषण ठरला. जुन्या नगरातील ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींवर तोफगोळे आदळल्याची नोंद आहे व नऊ इमारती आगीत पूर्णपणे नष्ट झाल्या. त्याच दिवशी आंतरविद्यापीठीय केंद्राच्या इमारतीसह तेथील ग्रंथालय जळाले. महाविद्यालयात शिकविणाऱ्या वाचकाला या एका वाक्याचा अर्थ अधिक उलगडून सांगावयास नको. युनेस्कोने १९९१ ते १९९८ या काळात नगराची नोंद धोक्यातील वारशात केली होती. या हल्ल्यासाठी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोन वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना दोषी ठरविले. सांस्कृतिक वारशाच्या नाशाबद्दलचे आरोप त्या खटल्यांचा भाग होते.

तटावरून खाली पाहिले असता छपरांच्या कौलांत दोन रंग दिसतात. फिकट, काळवंडलेली कौले जुनी आणि भडक तांबूस कौले युद्धानंतर बसविलेली. नगराने आपली जखम अशी छपरावर लिहून ठेवली आहे व ती वाचावयास कोणत्याही छायाचित्राची गरज नाही. वेशीजवळ कोणत्या इमारतीवर कोठे गोळा पडला हे दाखविणारा नकाशाही लावलेला आहे. मालिकेत मात्र हीच छपरे संगणकाच्या साहाय्याने वाढविलेल्या राजधानीचा एक अंश म्हणून येतात. पदभ्रमंतीतील छायाचित्र उंचावून मार्गदर्शक जेव्हा साम्य दाखवितो तेव्हा दोन रंगांतील फरक हा साम्यात अडथळा ठरतो.

इतिहासाचा उलट फेरा असा की, मालिकेच्या शेवटच्या पर्वात (मे २०१९) ही राजधानी जाळली जाते. नगराने शरणागतीच्या घंटा वाजविल्यानंतरही आकाशातून आग ओतली जाते, नागरिक गल्ल्यांतून पळतात, घरे त्यांच्यावर कोसळतात. या विध्वंसासाठी निर्मात्यांनी बेलफास्ट येथे दुब्रोव्हनिकच्या गल्ल्यांची भव्य प्रतिकृती उभारली आणि ती उद्ध्वस्त केली. खरे नगर अर्थातच सुरक्षित राहिले. परंतु ज्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याच गल्ल्यांत खरा अग्निवर्षाव पाहिला होता, त्यांनी ही प्रतिकृती जळताना पाहून काय अनुभवले असेल, हा प्रश्न पदभ्रमंतीने विचारावयास हवा होता. कल्पित कथा आणि नगराचा इतिहास एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात ते या ठिकाणी. राजवाडा, सिंहासन, दरबार यांच्या बाबतीत कथेने नगराला त्याच्या स्वभावाविरुद्ध नटविले होते. विध्वंसाच्या बाबतीत मात्र तिने नकळत त्याचे चरित्रच सांगितले.

६. एक आक्षेप

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, नगराने दुसऱ्याची भूमिका वठविणे ही दुब्रोव्हनिकला नवी गोष्ट नाही. १९५० पासून तेथे उन्हाळी कलामहोत्सव भरतो आणि १९५२ पासून लोव्रियेनाक किल्ल्यात शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे प्रयोग झाले आहेत. डेन्मार्कचा राजवाडा चालतो, तर काल्पनिक राजधानीला हरकत कशासाठी? शिवाय, पर्यटक मालिकेच्या ओढीने का होईना येतो, पैसे खर्च करतो आणि युद्धाने मोडलेल्या गावाच्या संसाराला हातभार लावतो.

आक्षेपाचा पहिला भाग महत्त्वाचा आहे. नाट्यप्रयोगात नट, प्रेक्षक व किल्ला तिघेही एका संध्याकाळी एकत्र असतात. प्रयोग संपला की किल्ला पुन्हा किल्ला होतो. मालिकेत चित्रीकरण संपून नट निघून जातात, पण प्रयोग पडद्यावर अखंड चालू राहतो आणि नगराला दररोज त्या रिकाम्या प्रयोगाचे नेपथ्य म्हणून उभे राहावे लागते. नाटक नगराला भूमिका देते, पदभ्रमंती त्याला ती उतरवू देत नाही. फरक प्रतिष्ठेचा नसून मुदतीचा आहे. ज्या नगरात रेक्टरला एका महिन्यात पायउतार व्हावे लागे, तेथे ही तक्रार अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

दुसरा भाग अर्धाच खरा आहे. १९९१ मध्ये तटाच्या आत सुमारे पाच हजार माणसे राहत. आज ती संख्या दीड हजाराहूनही कमी आहे. याचे सारे खापर एका मालिकेवर फोडणे चूक ठरेल. क्रूझ जहाजांची वर्दळ, घरांचे पर्यटकनिवासांत झालेले रूपांतर आणि वाढलेल्या किमती ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत व ती मालिकेआधीपासून कार्यरत होती. मालिकेने गर्दीला एक नवे निमित्त दिले. नगरपालिकेला २०१७ पासून गर्दीवर मर्यादा घालण्याची योजना हाती घ्यावी लागली आणि २०१९ मध्ये एका वेळी दोनच क्रूझ जहाजे येतील असे ठरविण्यात आले. नगर नेपथ्य म्हणून पाहिले जाऊ लागले की नेपथ्यात कोणी राहत असेल ही कल्पनाच मागे पडते. गल्लीत वाळत घातलेले कपडे हे छायाचित्रातील व्यत्यय ठरतात. रहिवासी निघून जाणे आणि नगर मूळ नावाने न ओळखले जाणे या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत.

७. दृष्टांत आणि दार्ष्टांतिक

मग चांगली पदभ्रमंती कोणती? तिचे उत्तरही महानुभाव वाङ्मयात सापडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'ची रचना तीन अंगांची आहे. प्रथम सूत्र, मग त्यास उजळ करणारी लहानशी गोष्ट म्हणजे दृष्टांत आणि शेवटी त्या गोष्टीचे मूळ तत्त्वाशी नाते जोडणारे दार्ष्टांतिक. गोष्ट रंजक असतेच, पण ती श्रोत्याला जेथे नेऊन पोहोचवावयाची असते ते ठिकाण तिच्यापलीकडे असते.

चित्रीकरणस्थळाची पदभ्रमंती बहुधा दृष्टांतापाशीच थांबते. वस्तुतः तिच्याजवळ तिन्ही अंगे हजर असतात. लोव्रियेनाकच्या दारावरील लेख हे सूत्र, सिंहासनासाठी चाललेला संहार हा दृष्टांत आणि एका महिन्याच्या रेक्टरची व्यवस्था किंवा छपरांचे दोन रंग हे दार्ष्टांतिक. सत्तेच्या लोभाने नगरे कशी जळतात, ही मालिकेची शिकवण मानली, तर तिचा पुरावा श्रोत्यांच्या डोक्यावरच्या कौलांत आहे. मार्गदर्शकाने फक्त मान वर करावयास सांगावयाचे असते.

हे काम करण्यास तेथील मार्गदर्शक समर्थ आहेत. क्रोएशियात या व्यवसायासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. त्यांपैकी मध्यमवयीनांनी वेढ्याचे दिवस लहानपणी किंवा तारुण्यात भोगले आहेत. नगरातील अनेकांनी मालिकेत जमावातील लहानसहान कामेही केली आहेत. म्हणजे एकाच व्यक्तीच्या ठायी इतिहासाचा साक्षी, कल्पित कथेतील नट आणि निवेदक या तीन भूमिका एकवटू शकतात. आपल्या कीर्तनकाराला पूर्वरंग आणि उत्तररंग यांची जी जोड साधावी लागते, ती साधण्याची एवढी अनुकूलता क्वचितच कोणा कथेकऱ्यास लाभते. अडचण कौशल्याची नाही. तिकिटावर जे नाव छापलेले असते ते नाव ऐकण्यासाठी श्रोत्याने पैसे मोजलेले असतात, ही खरी अडचण आहे. मौन मार्गदर्शकाचे दिसले तरी ते मागणी श्रोत्याची असते.

८. आपल्या संदर्भात

दुब्रोव्हनिकचा आपल्याशी अगदीच संबंध नाही असे नाही. जुन्या गोव्याजवळील गांवडाळी येथे साव ब्राझ म्हणजे संत ब्लेझ याचे चर्च आहे. हाच संत, 'व्लाहो' या नावाने, दुब्रोव्हनिकचा संरक्षक होय. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या रगुझाच्या व्यापाऱ्यांशी या चर्चचे नाते जोडले जाते, जरी त्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अलीकडचा धागा अधिक परिचित आहे. 'फॅन' (२०१६) या हिंदी चित्रपटाचे काही चित्रीकरण दुब्रोव्हनिकमध्ये झाले व त्यातील नायक शाहरुख खान हाच त्यापूर्वी 'स्वदेस' (२००४) साठी वाईजवळील मेणवलीत आला होता.

मेणवली हे नाना फडणिसांचे गाव. कृष्णाकाठचा त्यांचा वाडा आणि घाट प्रसिद्ध आहे. मराठेशाहीच्या अभ्यासकांना मेणवली दप्तराचे महत्त्व ठाऊक आहे. घाटावर एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकून आणलेल्या घंटांपैकी ती एक, असे मानले जाते. 'स्वदेस'मध्ये मेणवलीने उत्तर प्रदेशातील चरणपूरची भूमिका केली. 'गंगाजल' (२००३) मध्ये वाई परिसर बिहारमधील तेजपूर झाला. कृष्णेला गंगेकाठचे रूप घ्यावे लागले.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन मेणवलीस गेला होता. घाटावर पाऊल ठेवताच पहिला प्रश्न आला तो चित्रपटातील अमुक प्रसंग कोणत्या पायरीवर झाला हा. विद्यार्थ्यांचा उत्साह पाहून लेखकाने तोच धागा धरला, पायऱ्या दाखविल्या, छायाचित्रे काढू दिली आणि वेळ संपला म्हणून परतीची शिटी वाजविली. घंटेजवळून सारे गेले. ती येथे कशी आली हे कोणी विचारले नाही आणि सांगावयाचे होते ते सांगितले गेले नाही. दुब्रोव्हनिकच्या मार्गदर्शकांविषयी वर जे लिहिले त्यातील अर्धे या अनुभवातून सुचले आहे, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पर्यटनव्यवसायाला श्रोत्याची मागणी हे कारण तरी देता येते. अध्यापकास ते देता येत नाही.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. चित्रीकरणस्थळाची पदभ्रमंती ही स्थानपोथीच्या जातीची एक कथनपर संहिता आहे आणि तिचा विचार वाङ्मयीन निकषांनी करता येतो. तिचा दोष कल्पिताचा आधार घेण्यात नाही. कल्पित कथेने नगरावर चढविलेले नाव उतरविण्याची वेळ आली असता ते न उतरविण्यात आहे. दुब्रोव्हनिकमध्ये या दोषामुळे राजा नाकारणाऱ्या प्रजासत्ताकावर सिंहासन बसते आणि खऱ्या आगीची खूण कल्पित आगीच्या देखाव्यामागे दडते. उलट, दृष्टांतापाशी न थांबता दार्ष्टांतिकापर्यंत जाणारी पदभ्रमंती ही इतिहासशिक्षणाचे प्रभावी साधन ठरू शकते, कारण तिच्याकडे असा श्रोता असतो जो स्वतःहून चालत आलेला आहे आणि कथा ज्याला आधीच पाठ आहे.

आपल्याकडील महाविद्यालयांच्या क्षेत्रभेटी, वारसा-फेऱ्या आणि पर्यटन विषयाचे नव्याने सुरू झालेले अभ्यासक्रम यांनी या प्रकाराचा स्वीकार करताना एवढे पथ्य पाळावे असे वाटते : विद्यार्थ्याने चित्रपटातील पायरी विचारली तर ती अवश्य दाखवावी आणि तेथून उठताना त्याला घंटेपर्यंत न्यावे.